चमचाभर सीसी

मोटारसायकलवर पैसा कुठं खर्च झालाय यावरून मालक कितपत हाताबाहेर गेलाय ते ओळखता येतं. सुरुवात स्टिकरपासून होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग आरसे जातात. आरशांमुळे गाडीचा वेग कमी होतो असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, पण मागून कोण येतंय हे बघायची आता गरज नाही, असं जगाला कळवायचं असतं. पुढं हँडल बदलतं, दोघांची सीट एकाची होते, सायलेन्सर बदलतो आणि गल्लीतली म्हातारी माणसं पोलीस ठाण्याचा नंबर पाठ करतात. मग कार्बोरेटर. मग ब्लॉक. इथवर पोचलेली पोरं लग्न झाल्यावर ताळ्यावर येतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पण एकदा का पोरगा क्रँकपर्यंत उतरला, की लग्नाचाही उपयोग होत नाही. उलट मुलीकडच्यांना आधी सांगून ठेवावं.

क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात अगदी तळाशी असलेल्या दोन जाडजूड लोखंडी चकत्या आणि त्या दोघींना जोडणारी एक पिन. पिनेवर कनेक्टिंग रॉड, रॉडच्या वरच्या टोकाला पिस्टन. पिस्टन जन्मभर खालीवर करतो, क्रँक त्या खालीवरचं गोल करते आणि त्या गोलावर माणूस कॉलेजला जातो. शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना आपल्या गाडीत ही वस्तू आहे हे तिच्यातून खडखड आवाज येईपर्यंत ठाऊक नसतं. उरलेल्या एकाला दुसरं काहीच ठाऊक नसतं. तो माझा भाचा.

भाच्याची गाडी आरएक्स १००. यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८५ मध्ये भारतात आणली आणि १९९६ मध्ये ती बनायची थांबली. भाच्याचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे शोरूममध्ये उभी असलेली आरएक्स त्यानं कधी पाहिलेली नाही, पण शोरूममधून निघताना तिच्यात काय काय होतं ते तो झोपेतून उठवलं तरी सांगतो. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले सुटे भाग होते, म्हणून तेव्हाची क्रँक एखाद्याकडे शिल्लक असेल तर तिच्याविषयी बोलताना या पोरांचा आवाज खाली येतो. "मामा, त्याच्याकडं जपानी क्रँक आहे." आमच्या वेळी असा आवाज मुलीच्या बापाला स्थळाची बागायत सांगताना लागायचा.

यात थोडा दोष कोल्हापूरचाही आहे. उसाचे चरक, ऑइल इंजिनं, पंप यांचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या आणि ते भाग मापात आणून देणारी लेथ मशिनं इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. शिवाजी उद्यमनगरात गल्लीच्या या टोकाला एखाद्याला कल्पना सुचली, तर त्या टोकाला पोचेपर्यंत ती लोखंडात तयार झालेली असते. दुसऱ्या एखाद्या गावात पोराच्या मनात इंजिन मोठं करायचं आलं, तर तो त्या विचारावर दोन रात्री झोपतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. इथं झोपायच्या आधीच टर्नर भेटतो.

तर भाच्याला इंजिन मोठं करायचं होतं. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा खालीवर प्रवास, तोही ५० मिलिमीटर. इंजिन वाढवायचा सोपा रस्ता बोअरचा. याच घराण्यातल्या आरएक्स १३५ चा बोअर ५८ आणि स्ट्रोक तोच ५०, त्यामुळे त्या मोठ्या ब्लॉकवर सगळ्यांची नजर असते. भाच्याला ते मान्य नव्हतं. "ते सगळेच करतात, मामा." सगळे जे करतात ते करायचं नाही, हे त्यानं अभ्यासाच्या बाबतीतही पाळलेलं होतं. त्याला स्ट्रोक वाढवायचा होता, म्हणजे थेट क्रँकला हात.

गणित असं. क्रँकची पिन केंद्रापासून २५ मिलिमीटरवर असते. ती एक मिलिमीटर बाहेर सरकवली की पिस्टन वर जाताना एक मिलिमीटर जास्त जातो, खाली येताना एक मिलिमीटर जास्त येतो आणि स्ट्रोक ५२ होतो. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मी म्हटलं, बघू तरी काय मिळतं. आधी ९८.२ सीसी होते, ते १०२.१ झाले. फरक ३.९ सीसी. खोकल्याच्या औषधाबरोबर जो प्लास्टिकचा चमचा येतो तो पाच मिलिलिटरचा असतो. तोही पुरता भरत नाही.

मी कागद भाच्यापुढं सरकवला. त्यानं तो नीट वाचला. त्याचा चेहरा उजळला.

"मामा, चार टक्के!"

टक्क्यांत सांगितलं की कुठल्याही गोष्टीचा गरीबपणा जातो, हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवत होतो. शिकलं कोण ते असं कळलं.

या चमचाभर सीसीसाठी काय काय करावं लागतं ते ऐका. आधी अख्खं इंजिन चासीवरून खाली उतरवायचं. मग हेड, ब्लॉक, क्लच, मॅग्नेट सगळं खोलून इंजिनाचे दोन अर्धे वेगळे करायचे. मोटारीच्या इंजिनात क्रँक सहसा एकसंध असते, पण अशा छोट्या टू-स्ट्रोकमध्ये ती दाबून जोडलेली असते, म्हणून ती प्रेसवर नेऊन जुनी पिन दाबून काढायची. नवी ऑफसेट पिन बनवून घ्यायची. ती दाबून बसवायची. एवढं झालं की लक्षात येतं, पिस्टन आता एक मिलिमीटर जास्त वर येतोय आणि वर हेड आहे. म्हणून ब्लॉकच्या खाली एक मिलिमीटरचं पॅकिंग. पॅकिंगमुळे ब्लॉक वर गेला. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात. ताजं मिश्रण वर येणं आणि जळकं बाहेर जाणं हा सगळा व्यवहार पिस्टन ती भोकं कधी झाकतो आणि कधी उघडतो त्यावर चालतो. प्रवास बदलला, ब्लॉक हलला, की भोकांच्या वेळा बदलल्या. मग ती भोकं घासून वेळा पुन्हा जमवायच्या. थोडक्यात, तळमजल्यावर एक मिलिमीटर हलवला की वरच्या प्रत्येक मजल्यावरून तक्रार येते आणि प्रत्येक तक्रारीचं वेगळं बिल असतं.

ऑफसेट पिनेची आणखी एक गंमत आहे. तिचा मधला भाग टोकांच्या रेषेत नसतो, जरा बाजूला असतो. ती बाजू बाहेरच्या अंगाला ठेवून पिन दाबली तर स्ट्रोक ५२. उलटी बसली तर ४८. म्हणजे इंजिन मोठं व्हायच्या ऐवजी ९४ सीसीचं होतं. भाच्याचे मिस्त्री सांगतात, कुणा पोरानं घरच्या घरी हा उद्योग केला आणि पिन उलटी बसवली. मग तो गावभर सांगत फिरला, की पिकप काय वाढलाय म्हणता. मित्रांनी चालवून बघितली. त्यांनाही वाढलेला वाटला. एकानं तर तशीच पिन मलाही पाहिजे म्हणून आगाऊ पैसे दिले. पुढं इंजिन दुसऱ्याच कामासाठी खोललं तेव्हा खरा प्रकार उघडकीला आला. मला त्यात पोराचा दोष दिसत नाही. एवढे पैसे घातल्यावर पिकप वाढलेला नाही असं वाटून घ्यायला फार मोठं मन लागतं.

आता मिस्त्रींविषयी. मिस्त्री साठीचे आहेत, बोलतात कमी, आणि त्यांच्या गॅरेजच्या दारावर बोर्ड नाही. बोर्ड नसणं हीच त्यांची जाहिरात. ज्याला पत्ता विचारत यावं लागतं त्याच्याकडून मजुरीवर घासाघीस होत नाही, हे व्यवसायाचं तत्त्व त्यांना कुठल्या कॉलेजात न जाता उमगलेलं आहे. त्यांचं क्रँकचं काम बघायला भाचा मला घेऊन गेला. "तुम्ही बघाच, मामा," म्हणाला. मी गेलो, कारण बहिणीनं मला पोराला परत आणायला सांगितलं होतं.

दाबून जोडलेल्या क्रँकच्या दोन्ही चकत्या एका रेषेत असाव्या लागतात. एका रेषेत म्हणजे किती? क्रँक दोन सेंटरांमध्ये धरायची, डायल गेज लावायचं, हातानं हळू फिरवायची आणि सुई तीन घरांच्या पलीकडं हलता कामा नये. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तीन घरं म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्यानं. हे ऐकून मला वाटलं, आता एखादं नाजूक यंत्र बाहेर निघेल. मिस्त्रींनी हातोडा काढला. तांब्याचा होता, पण हातोडाच. शतांशात मोजायचं आणि ठोकून सरळ करायचं, अशी ही विद्या आहे आणि जगभर ती अशीच आहे. मिस्त्री क्रँक फिरवतात, सुईकडं बघतात, चकतीवर खडूनं खूण करतात, क्रँक हातात घेतात आणि एक टोला देतात. पुन्हा सेंटरवर. पुन्हा सुई. पुन्हा टोला.

मी विचारलं, "मिस्त्री, किती जोरात मारायचं हे कसं कळतं?"

"मारल्यावर कळतंय की, सर."

"आणि जास्त बसला तर?"

"मग पलीकडनं मारायचं."

त्यानंतर मी काही विचारलं नाही. भाचा मात्र एखादी मुलाखत चालू असल्याच्या गांभीर्यानं उभा होता. चौथीत पाढे म्हणताना हा मुलगा इतका स्थिर उभा राहिला असता तर आज कुठल्या कुठं असता.

एवढा काटेकोरपणा लागतो, कारण आतला मामला भयंकर आहे. आरएक्स १०० ची पूर्ण ताकद ७५०० फेऱ्यांना निघते. मिनिटाला ७५०० म्हणजे सेकंदाला १२५. दर फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबतो, म्हणजे सेकंदाला २५० वेळा. त्याचा सरासरी वेग काढला तर ताशी फक्त ४५ किलोमीटर भरतो. म्हणजे मालक कसाही चालवो, पिस्टन शहराची वेगमर्यादा पाळतोय. त्याचे हाल वेगानं नाहीत, थांबण्यानं आहेत. ७५०० फेऱ्यांना वरच्या टोकाला थांबून परत फिरताना त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या दीड हजार पटींहून जास्त ओढ बसते. पिस्टन शंभर ग्रॅमचा धरला तर दीडशे किलो. आणि हे सगळं त्या पिनेवर लटकतं, जी आम्ही नुकतीच एक मिलिमीटर बाहेर सरकवली. बाहेर सरकवल्यानं ओढ आणखी वाढते, फेऱ्या वाढवल्या तर वर्गाच्या पटीत वाढते. हे मी भाच्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून विचारलं, "मग दहा हजार फेऱ्यांना किती होईल?" भीती घालायला गेलेल्या गणिताच्या मास्तराला उत्तरही काढून द्यावं लागलं.

स्ट्रोक झाला की वजन. क्रँकच्या चकत्या आणि टोकाचं मॅग्नेट जड असतं, कारण स्फोट झाल्यावर मिळालेला जोर त्यात साठतो आणि पुढच्या स्फोटापर्यंत इंजिन ओढून नेतो. हे वजन लेथवर उतरवलं, त्यातही कडेचं उतरवलं, की इंजिन रेस दिल्याबरोबर किंचाळत वर जातं. यानं एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, आहेत ते घोडे नुसते लवकर जागे होतात. पण साठवण गेलेली असते. त्यामुळे गाडी स्लोवर टिकत नाही. चौकात सिग्नलला पोरं उभ्या गाडीला रेस देत असतात आणि आजूबाजूचे लोक त्यांच्या आईवडिलांचा उद्धार करतात, तेव्हा त्यांतल्या काहींवर तरी अन्याय होत असतो. तो माज नसतो. रेस सोडली तर गाडी बंद पडते आणि मग हिरव्या दिव्यावर सगळ्यांदेखत किक मारत बसावं लागतं. माझा भाचा सिग्नलला उभा असला की त्याच्या चेहऱ्यावर जी बेफिकिरी दिसते ती निव्वळ चिंता आहे.

आणखी एक शाखा भोकं बुजवणाऱ्यांची. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आधी क्रँकच्या खोलीत येतं आणि पिस्टन खाली येताना तिथं दाबलं जातं. ही खोली लहान केली तर दाब वाढेल, म्हणून क्रँकच्या चकत्यांमधली भोकं बुचं मारून बंद करायची. कोणे एके काळी जगभरच्या जाणकारांना हे पटलेलं होतं. नंतर रेसिंगवाल्यांना उलटं पटू लागलं, की खोली मोठी असलेलीच बरी. आमच्याकडं दोन्ही मतांचे मिस्त्री एकाच गल्लीत आहेत. पहिल्याकडून भरलेली भोकं दुसऱ्याकडून मोकळी करून घेता येतात आणि दोघंही पहिल्याच चहाला सांगतात, "आधीच माझ्याकडं आला असता तर..."

हादऱ्याचं प्रकरण मला मात्र मनापासून आवडलं. एका सिलिंडरचं इंजिन नुसत्या क्रँकच्या वजनानं कुणालाही शांत करता येत नाही. पिस्टन खालीवर जातो. त्याला तोलायला क्रँकच्या उलट बाजूला वजन ठेवलं, तर खालीवरचा हादरा कमी होतो. पण ते वजन गोल फिरतं, त्यामुळे तोच हादरा आता पुढंमागं निघतो. पूर्ण वजन ठेवलं तर हादरा पूर्णच्या पूर्ण आडवा होतो. म्हणून अर्धंमुर्धं ठेवतात आणि हादरा दोन्हीकडं वाटून देतात. म्हणजे क्रँक बॅलन्स करणाऱ्याच्या हातात हादरा घालवणं नसतं, त्याची बदली करणं असतं. चाळीस किलोमीटरनंतर हात बधिर व्हायला हवेत की बूड, एवढंच ठरवायचं. भाच्यानं हात निवडले. कंपनीतले इंजिनिअरही शेवटी हेच ठरवतात, फक्त मीटिंग घेऊन.

आता उद्यमनगरातल्या टपरीवर चहाला येणारे बुलेटवाले बघा. जुन्या साडेतीनशेचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०, क्रँकच्या वजनदार चकत्या, आणि गाडी बंद पडली की चालू आहे असा संशय यावा इतक्या सावकाश पडणारे ठोके. यांना क्रँक हलकी झालेली चालत नाही. २०२० मध्ये रॉयल एन्फिल्डनं साडेतीनशेसाठी नवं इंजिन आणलं, ७२ आणि ८५.८ चं, आणि त्यात हादरा मारायला बॅलन्सर शाफ्ट घातला. इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं झटून गाडी शांत केली आणि गिऱ्हाईक म्हणतं, पहिल्यासारखी हादरत नाही हो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नवी गाडी घेतल्यावर आठवडाभर जेवणावरून लक्ष उडाल्याची तक्रार केली. एक पोरगा हादरा घालवायला पैसे मोजतोय, एक माणूस हादरा परत मिळवायला पैसे मोजायला तयार आहे. दोघं एकाच बाकड्यावर बसून एकमेकांना वेडं समजतात. माझं दोघांशीही एकमत आहे.

क्रँकच्या नादात माणसं भांडतात हे मात्र नवं नाही. १७८० मध्ये इंग्लंडात जेम्स पिकार्डनं वाफेच्या इंजिनाला क्रँक लावायचं पेटंट घेऊन टाकलं. जेम्स वॉट जळफळत राहिला. आपल्या कारखान्यातल्या माणसानंच बातमी फोडली, अशी त्याची तक्रार होती. शेवटी क्रँक न वापरता तेच काम करणारी, एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरवायची खटपटी रचना त्यानं १७८१ मध्ये पेटंट केली. उद्यमनगरात हा इतिहास कुणाला माहीत नाही, पण प्रत्येक टर्नर दुसऱ्याच्या माणसाला चहा पाजतो तो याच परंपरेत.

माझ्या बहिणीला मी एकदा बर्ट मन्‍रोची गोष्ट सांगितली. धीर द्यावा हा हेतू होता. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. तिथल्या या माणसानं १९२० सालची इंडियन स्काउट मोटारसायकल घेतली आणि उरलेलं आयुष्य ती सुधारण्यात घालवलं. पिस्टन जुन्या डब्यांत स्वतः ओतले. फ्लायव्हील स्वतः केली. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून घडवले. मायक्रोमीटर म्हणून चाकाचा जुना आरा वापरायचा. ६०० सीसीचं इंजिन वाढवत वाढवत साडेनऊशेच्या आसपास नेलं. नव्यानं आली तेव्हा ती गाडी ताशी नव्वदच्या आतच पळायची. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर तिनं ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम केला. गाडीचं वय ४७, मालकाचं ६८. बहीण लक्ष देऊन ऐकत होती. मी सांगत गेलो, की फुटलेले पिस्टन आणि मोडलेले रॉड त्यानं टाकून दिले नाहीत, शेडमध्ये एका फळीवर ओळीनं मांडले आणि वर लिहिलं होतं, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य.

बहिणीनं एकच विचारलं. "त्याच्या बायकोचं काय झालं?"

मला ते सांगावंसं वाटलं नाही. ती उठली आणि भाच्याच्या खोलीतली एक फळी झाडून पुसून रिकामी करून आली. आता तिथं तीन पिस्टन आहेत. जुन्या क्रँकची एक चकती तिनं धुऊन घेतली आणि वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून लावली. त्या क्रँकवर आजवर झालेल्या सगळ्या खर्चात घराला मिळालेला परतावा तेवढाच.

पण या सगळ्या नादातलं खरं दुःख वेगळंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. सायलेन्सर बदलला तर पोलिसांना दोन चौक आधीच ऐकू येतो. असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. क्रँकवर मात्र कुणी रोडरोलर फिरवत नाही, कारण ती दिसत नाही. आरसी बुकात ९८, आत १०२, आणि आत डोकावणार कोण? भाचा आधी या गोष्टीवर खूष होता. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की पोलिसांना दिसत नाही तशी ती मित्रांनाही दिसत नाही, शेजाऱ्यांनाही दिसत नाही, आणि जिला दिसावी म्हणून हा सगळा खटाटोप असावा असा मला संशय आहे तिलाही दिसत नाही. एवढा खर्च, एवढी खटपट, आणि बाहेरून गाडी जशीच्या तशी. चाळीस रुपयांचा स्टिकर जास्त लक्ष वेधून घेतो.

त्यामुळे तोंडानं सांगावं लागतं. मागच्या लग्नात एका दूरच्या मेव्हण्यानं कौतुकानं विचारलं, "काय, गाडीला काय काय केलंस मग?"

"क्रँक," भाचा म्हणाला.

मेव्हणे वाकून मागचं टायर बघायला लागले. "छान बसलीय," म्हणाले.

गाडी तयार झाल्यावर मिस्त्रींनी स्वतः एक फेरी मारली, भाच्यानं मारली, मग गल्लीतल्या प्रत्येकानं मारली. पिकप वाढल्याचं सर्वांनी एकमुखानं मान्य केलं. मला त्या उलट्या पिनेची आठवण आली, पण मी गप्प बसलो. बहिणीनं ॲव्हरेज विचारलं. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. टू-स्ट्रोकवाल्यांत तो प्रश्न विचारणं असभ्यपणाचं समजतात.

भाचा पैसे द्यायला आत गेला तेव्हा मिस्त्री माझ्याजवळ आले.

"सर, पोराचं वजन किती?"

"ऐंशीच्या घरात असेल."

"गाडी शंभर, ह्यो ऐंशी. एकशेऐंशी झालं. त्येचं चार टक्के काढा बगू."

"सात किलो."

"सात किलो उतरवलं असतं तर एवढाच पिकप मिळाला असता. इंजिन खोलायचं कामच न्हवतं."

"अहो मग हे आधी नाही का सांगायचं?"

मिस्त्रींनी माझ्याकडं शाळेत नवीन लागलेल्या मास्तराकडं बघावं तसं बघितलं. "आन् मी काय करायचं मग? जिम काढायची?"

हे गणित मी घरी येऊन भाच्याला सांगितलं, अगदी टक्केवारीसकट. त्याला ते चटकन पटलं. दुसऱ्याच दिवशी सात किलो उतरवायला सुरुवात झाली. गाडीचे. आधी साडी गार्ड गेला, त्यामुळे बहिणीचं मंगळवारी त्याच्या मागं बसून अंबाबाईला जाणं बंद झालं. मग मागचे फूटरेस्ट. मग टूलबॉक्स, हत्यारांसकट. तरी काटा सातावर येईना, म्हणून मेन स्टँड आणि साइड स्टँड दोन्ही काढले. हे सगळं चालू असताना तो दोन वेळा कटवडा खाऊन आला.

आता त्या गाडीला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. ती आमच्या दारात माझ्या स्कूटरला टेकून उभी असते. सकाळी मला दूध आणायला जायचं असेल तर आधी त्याला उठवावं लागतं. तो डोळे चोळत येतो, आपली गाडी भिंतीला लावतो आणि मी निघायच्या आत एकदा वाकून माझ्या स्कूटरखाली बघतो.

"मामा, तुमचा हा स्टँड किती किलोचा असेल हो?"